कमूच्या तोंडचा घास

बाळ एक आणि शहाणी माणसं घरभर, मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल? माझी कमू कुंभकोणमला जन्मली. मी साताऱ्याची, सासर तंजावरी मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच रुजलेलं. पोर भुकेनं रडायची, माझं दूध पुरायचं नाही, आणि तिला काय भरवायचं हे माझ्याखेरीज सगळे ठरवायचे! अजून आठवलं की डोकं फिरतं.

*

चोळपुरमहून एक दूधवाली यायची. एकदा कमूचं रडणं ऐकून ती थबकली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली. सासूबाई पोट धरून हसल्या.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणत्ये, अशी गाय असती तर कधीच विकली असती!"

तेव्हापासून मला रोज लसणीचं आंबट कुळंबू, म्हणजे तिकडची चिंचेची आमटी. दूध काही वाढलं नाही, घामाला मात्र लसणीचा वास यायला लागला.

*

शेजारच्या पाट्टी, म्हणजे तमिळ आजीबाई, बोंडल्यानं दूध पाजण्यात पटाईत. कमूला पायांवर आडवी टाकली, नाक दाबलं आणि बोंडल्याची चोच थेट घशात! पोर निळी पडली. मी बोंडलं हिसकावलं नि परसातल्या विहिरीत भिरकावलं.

"अय्यो! चांदीचं होतं गं!" सासूबाई ओरडल्या.

"मग काढा बाहेर, आणि तुम्हीच प्या त्यानं!" मी म्हटलं.

*

मग ह्यांनी पावडरच्या दुधाचा डबा आणला. वर गुबगुबीत गोऱ्या बाळाचं चित्र. हे चष्मा लावून सूचना वाचायचे, चमचा सपाट करून मोजायचे. कमूनं घोटभर घेतलं आणि ह्यांच्या सदऱ्यावर परत केलं. "होईल सवय," म्हणाले. डबा मात्र भराभर संपत होता. एका दुपारी कोठीत गेले तर हे उभे, तोंडाभोवती पांढरी मिशी!

"टाकायचं जिवावर आलं गं."

लेक वाळत होती आणि बाप बाळसं धरत होता!

*

आता खरा संताप ऐका. मुलीची उष्टावण विषम महिन्यात, आणि पहिला घास मामाचा, हा घरचा रिवाज. पाचव्यात कमूला ताप होता. सातव्यात माझ्या भावाची तार आली, रजा नाही. आठवा लागला. "आता नवव्यात," सासूबाई म्हणाल्या.

लेडी डॉक्टरनं कमूचं वजन केलं आणि मलाच झापलं. "उतरलंय! आजच्या आज मऊ भात सुरू करा."

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणतात, "मामावाचून पोरीस अन्न देऊ नये. तुज आमची रीत ठाऊक नाही."

"भुकेला सम-विषम कळतं का हो?" माझा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला असणार. हे पेपरात तोंड खुपसून बसले.

कमू माझ्या पदराचं टोक चोखत होती. ते बघून मला राहवेना. भात मऊ शिजवला, तूप घालून कुस्करला, वाटी घेऊन तिला काखेत मारलं आणि परसात निघाले. सासूबाई दारात आडव्या.

"मामा कुठं आहे?"

ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. केळीच्या वर फिकट चंद्र आला होता.

"तो काय! आमच्याकडे भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला त्यालाच ओवाळतात. माझा भाऊ आला नाही, मग हाच माझा भाऊ, हाच कमूचा मामा! हात पोचत नाहीत बिचाऱ्याचे, म्हणून मी भरवते!"

आणि भरवला घास. कमूनं माझ्या बोटासकट चावला. गिळला. पुन्हा आ केला.

सासूबाईंनी वर चंद्राकडे बघितलं, मग कमूकडे. मला वाटलं, आता वाटी हिसकावतात. त्या ह्यांच्यावर कडाडल्या,

"पेपर काय वाचतोस? पावणा पहिल्यांदा घरास आलाय, केळीचं पान मांड!"