रजेवरचा माणूस उभा दिसू नये

दाराची बेल वाजली की माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, झोपा!" मी हॉलमध्ये कपाटापासून बाल्कनीच्या दारापर्यंत आणि परत असा फेऱ्या मारत असायचो. तिचा आवाज आला की धावत पलंगाकडे जायचो, चादर गळ्यापर्यंत ओढायचो आणि डोळे अर्धे मिटून घ्यायचो. हृदयात नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसानं धावू नये, हे मला डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण दारात दूधवाला आहे की कंपनीतलं कोणी, हे कळेपर्यंत छातीत जे काही चालायचं, त्यापुढे ते धावणं काहीच नव्हतं.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटई कंपनीत लूम, म्हणजे विणायचं यंत्र, चालवतो. प्लास्टिकच्या रंगीत चटया, लग्नाच्या पंगतीला अंथरतात त्या. कायम कामगार आहे. एका दुपारी लूमवरच जबडा दुखायला लागला, मग डावा हात जड झाला. मी गॅस समजून सोडा प्यायलो, वरून ओवाही चावला. शेवटी सोबतच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर माझी बंद झालेली नस दाखवली, तेव्हा मला पहिल्यांदा खरं घाबरायला झालं. आजवर आपल्या आत काय आहे, हे कधी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर कंपनीतल्या एचआरच्या मॅडमचा फोन आला. मुलगीच म्हणायची, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला रजेचं सगळं नीट समजावलं. कायम कामगाराला दर वर्षी आजारपणाची रजा मिळते, ती पगारी असते, वापरली नाही ती काही प्रमाणात साठत जाते. तुमची बरीच साठली आहे, तुम्ही कधी घेतलीच नाही. डॉक्टरांचा दाखला पाठवा, बरे झालात की कामावर यायला हरकत नाही असा दुसरा दाखला आणा, मधल्या काळातला पगार चालू राहील. "काका, हा तुमचा हक्क आहे, काळजी करू नका," असं तिनं शेवटी म्हटलं. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवल्या क्षणापासून काळजी करायला लागलो.

कारण कागदावरची रजा एक आणि आमच्या लूम खात्यातली रजा दुसरी. माझ्या शेजारच्या लूमवर कंत्राटी पोरं असतात. त्यांचा खाडा झाला की तो दिवस गेला, ताप असो की हात चेपलेला असो. त्यांच्या डोळ्यांसमोर आपण घरी बसून पगार घ्यायचा म्हणजे आपण निदान मरायला तरी टेकलेले असायला हवं. शिवाय आमच्याकडे रीत आहे: कोणी आजारी पडलं की पाळीतली दोघं-तिघं केळी, बिस्किटं घेऊन घरी भेटायला जातात. मनापासून जातात, त्यात खोट नाही. पण दुसऱ्या दिवशी कंपनीबाहेरच्या चहाच्या गाडीवर त्या भेटीचा अहवाल निघतो. "माणूस तर चांगला टुणटुणीत दिसला बुवा." एवढं एक वाक्य पुरतं. मागे एकजण पाठदुखीच्या रजेवर असताना भाच्याच्या हळदीत नाचताना कोणाच्या तरी मोबाइलमध्ये सापडला. त्याला साहेबांनी बोलावलं, ते एक झालं. पण तो अजून लूमशी वाकला तरी कोणीतरी ढोलाचा ठेका धरतं.

आणि माझी पंचाईत अशी की मला वरून काहीच झालेलं दिसत नव्हतं. प्लास्टर नाही, टाके नाहीत. मनगटावर, स्टेंटची नळी जिथून आत घातली तिथे, एक निळसर डाग होता, तोही पुसट होत चाललेला. तो जाऊ नये असं मला मनातून वाटायचं.

वरून डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला. रोज चाला, आधी थोडं, मग वाढवत न्या. औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे. जळगावात चालायचं तर मेहरूण तलाव, आणि सकाळी मेहरूण तलावावर अर्धी एमआयडीसी असते. मला तिथे कोणी हात हलवत, घाम पुसत चालताना पाहिलं असतं, तर चहाच्या गाडीवर माझं काय झालं असतं? मी डोळे मिटले की ते वाक्य ऐकू यायचं. म्हणून मी हॉलमध्ये चालायचो, पडदे लावून, ऐन उन्हाळ्यात. खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी एकदा बायकोला विचारलं, वर पाहुणे आलेत का, सारखी पावलं वाजतात. त्यानंतर मी मोजे घालून चालायला लागलो.

"डॉक्टरनं सांगितलंय तर उघड चाला ना," बायको म्हणायची. "चोरी केलीय का?" तिचं बरोबर होतं. पण भीतीला बरोबर-चूक कळत नाही. एकीकडे वाटायचं, चाललो नाही तर नस पुन्हा बंद होईल. दुसरीकडे वाटायचं, चालताना दिसलो तर नोकरी जाईल. छातीत साधी कळ आली तरी मी जागच्या जागी थिजायचो आणि ही कोणती भीती, ते कळायचं नाही.

शेवटी धुळ्याला बहिणीकडे गेलो. देवपुरात तिचं घर आहे, तिथे मला कोण ओळखतंय! सकाळी तोंडाला पांढरा रुमाल गुंडाळून पांझरा नदीच्या काठच्या रस्त्यानं निघालो. उन्हाळ्यात धुळ्यात सगळेच रुमाल गुंडाळतात, त्यामुळे बरं वाटलं. चांगलं लांबपर्यंत गेलो. अंग मोकळं झालं, कधी नव्हे ते भूक लागली. तेवढ्यात मागून मोटारसायकल येऊन थांबली. "ओ भाऊ, तुम्ही जळगावले चटई कंपनीमा शेत ना?" मी मागे न बघता मान हलवून नाही म्हटलं आणि जवळजवळ पळतच बहिणीच्या घरी आलो. पायरीवर बसलो तर छाती अशी धडधडत होती की बहिणीनं रिक्षा बोलवायची तयारी केली. तो माणूस कोण होता, मला आजही माहीत नाही. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी जळगावला परत आलो.

आणि मग नाना भेटायला आले.

नाना आमच्या खात्यातले सर्वांत जुने. पाचोऱ्याकडच्या गावचे. मला लूम त्यांनीच शिकवला. धागा तुटायच्या आधी तो कसा ओळखायचा, ते दोन बोटांनी दाखवून. मला त्यांचा धाक होता आणि जीवही होता. त्यांच्यासोबत आमच्या पाळीतला एक मित्र होता. बेल वाजली, बायको ओरडली, मी पलंगावर आडवा झालो. पण ते दोघं लवकर वर येईनात. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बायकोनं जिन्यात वाकून पाहिलं तर नाना मधल्या वळणावर कठडा धरून उभे होते. "म्हातारपण शे, वहिनी," ते खालून म्हणाले.

आत आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. पुन्हा एकदा मागितलं. मग माझ्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसले. मी शाल गळ्यापर्यंत घेतली होती, कपाळावर घाम होता, तो उकाड्याचा. पण मला वाटलं, चांगलंच आहे, दिसू दे.

"काय रे, आते कसं शे?" त्यांनी विचारलं.

"शे नाना," मी बारीक आवाजात म्हटलं. "उठवत नही."

नाना माझ्याकडे बघत राहिले आणि हातानं जबडा चोळत राहिले. मित्र इकडचं तिकडचं बोलत होता. बायकोनं चहा टाकला, तर नाना नको म्हणाले. चहाला नाही म्हणणारे नाना मी कधी पाहिले नव्हते. जाताना त्यांनी शालीवरून माझ्या पावलाला हात लावला, जसा गेलेल्या माणसाला लावतात. दार बंद झालं आणि मी शाल फेकून उठलो. जमलं! मला त्या दिवशी फार हायसं वाटलं. चहाच्या गाडीवर काय निघेल, ते मला आता माहीत होतं.

काही दिवसांनी त्याच मित्राचा फोन आला. सहज म्हणून केला होता. बोलता बोलता म्हणाला, "नानांचं काही खरं नाही. सारखे चटयांच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसतात. त्यांचा लूम आम्हीच बघतो. गॅस झालाय म्हणतात, सोडा पितात, हात दाबून घेतात."

"कोणता हात?" मी विचारलं.

"डावा. का?"

मी पलंगावर बसलो. या वेळी सोंग नव्हतं.

"अरे, मग रजा घ्यायला सांगा की!"

"सांगितलं. एवढी साठलीय, पगारीच आहे. पण अंगावर येतात. म्हणतात, त्याच्यासारखं पडी राहाले मी दवाखान्यात जाऊ? दवाखान्यात गेला तो माणूस उठला नाही, मी पाहून आलोय. त्यापेक्षा लूमवर बरा."

त्याच्यासारखं म्हणजे माझ्यासारखं. मी फोन ठेवून नानांना लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मशीनच्या आवाजात कोण उचलणार? पाळी सुटायची वेळ होत आली होती. बायको पोळपाट हातात घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "जा ना," ती म्हणाली. मी चपला घातल्या आणि दाराशी थांबलो. कंपनीच्या फाटकासमोर एकाच वेळी दोन पाळ्यांची माणसं असतात, आत जाणारी आणि बाहेर येणारी. सगळे मला बघतील, माझ्या पायांवर उभा. मला इतकी भीती वाटत होती की उघडलेली कडी मी पुन्हा लावली. आणि नाना गठ्ठ्यांमागे बसले असतील, तीही भीती होती. दुसरी मोठी निघाली, एवढंच.

रिक्षा फाटकाशी थांबवली आणि उतरलो. वॉचमननं मला बघितलं आणि खुर्चीवरून उठला. बाहेर येणारी पोरं थांबली. तेवढ्यात स्कूटीवरून एचआरच्या मॅडम बाहेर पडत होत्या. त्यांनी ब्रेक लावला. 

"काका! चालायला लागलात? छान झालं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करा हं." आणि निघून गेल्या.

मी तसाच उभा राहिलो. एवढंच? माझे मोजे, पडदे, धुळ्याचा रुमाल, सगळं या एवढ्यासाठी? मला हसूही येईना आणि रडूही.

नाना भिंतीचा आधार घेत बाहेर आले. चेहरा राखाडी पडला होता. मला पाहून ते जागीच थांबले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरला. तो गार आणि ओला होता. "चला नाना," म्हटलं. ते रिक्षात बसले. दवाखान्यापर्यंत मी त्यांची छाती वर-खाली होते का, एवढंच बघत होतो.

नाना वाचले. पण थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. मॅडमनी त्यांची साठलेली सगळी रजा लावून दिली, पगार बिनबोभाट येत राहिला. माझा कामावर परतायचा दाखला मला मिळाला. नानांना मात्र लूमवर परत जायची परवानगी डॉक्टरांनी दिली नाही.

आता सकाळची पाळी नसली की मी त्यांना मेहरूण तलावावर नेतो. कंपनीतले लोक भेटतात, हात करतात, पुढे जातात. नाना दर थोड्या अंतरावर थांबतात. परवा बाकावर बसून श्वास जुळवत होते. एकाएकी त्यांनी विचारलं, "तू तव्हय बी चालेस का रे? रजावर व्हता तव्हय?"

"हा नाना. घरमा. रोज."

ते पाण्याकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. धागा कुठे तुटला ते विचारावं, तसं त्यांनी विचारलं, "मंग माले झोपीसन काबरं दखाडं?" त्यांना झोपून का दाखवलं, एवढंच.

"भ्याव लागे, नाना," मी म्हटलं. 

त्यांनी मान हलवली. मग उठायला हात पुढे केला, मी तो धरला आणि आम्ही निघालो. पुढच्या खांबापाशी ते पुन्हा थांबले. मीही थांबलो.