पंपाच्या बुडाचा अंगठा

फलक लागल्यापासून सासरे नीट जेवत नाहीत, ही काळजी डोक्यातून जात नाही. परमुलखातून एक ट्रंक घेऊन आलेल्या या माणसाने इथला पहिला ओतकामाचा कारखाना काढला. पंपाच्या प्रत्येक साच्याच्या वाळूत ते अंगठा दाबत, म्हणून इथल्या जुन्या पंपांच्या बुडाशी अंगठ्याएवढा उंचवटा असतो. आणि उद्योजक संघाने कारखान्यासमोर लावलेल्या फलकावर संस्थापक म्हणून नाव कोणाचं? जागा भाड्याने देणाऱ्याचं!

"आई, यात आजोबा कुठे आहेत?" अनावरणाच्या दिवशी फलक वाचून लेकीने विचारलं.

शेजारी उभे असलेले संघाचे अध्यक्ष हसले. "ते बाहेरचे ना, वहिनी!"

पन्नास वर्षांनीही बाहेरचे?

"जाऊ दे, सूनबाई," सासरे म्हणाले.

मी नाही जाऊ देणार. अंगणातला पंप उलटा करून ठेवलाय. आता अध्यक्षांना फोन लावते. फलक बदला, नाहीतर हा अंगठा घेऊन तुमच्या दारात येते.