चौदा नंबरचे पाय

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कलासंग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात फ्रेमकार शिडीवर होता. एका चित्राची तार सैल झाली होती, ती पकडीने पिळत होता. इथे त्याला सगळे चौकटमामा म्हणतात. बावीस वर्षांत या भिंतींवर लागलेली बहुतेक चित्रं त्याच्या हाताखालून गेली आहेत.

खाली कलाशाळेचे एक सर विद्यार्थ्यांना घेऊन चौदा नंबरच्या चित्रासमोर थांबले. जलरंगात रुग्णालयाची खाट, तिच्या कडेवर बसलेली बाई, गादीत रुतलेले तिचे हात. नाव ‘पहिलं पाऊल’. चित्र पोटऱ्यांपाशी संपत होतं.

“पाऊल कुठंय?” सरांनी विचारलं.

“रजेवर,” एक मुलगी म्हणाली.

“हात बघा, किती जिवंत आहेत. पण अवघड भाग आला आणि बाईंनी पळ काढला. पाय काढता येईना, चौकट तोकडी!”

सगळे हसले. मामाच्या हातातली पकड थांबली.

पाय होते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हे चित्र सगळ्यात शेवटी त्याच्या टेबलावर आलं होतं. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट बसते, तिला माउंट म्हणतात. तो चित्राच्या कडेवर जेमतेम दाण्याएवढा चढावा. नवा कापायला पाऊण तास लागला असता. मामाने दुसऱ्या चित्रासाठी कापलेला उचलून बसवला. खालून चार बोटं चित्र झाकलं गेलं. पाय झाकले जातायत हे त्याला दिसलं होतं. ‘कोण बघतंय’ म्हणत त्याने मागून खिळे ठोकले.

बाराच्या सुमाराला चित्रकर्ती आली. निवृत्त परिचारिका, हातात काठी. उद्घाटनाला गुडघ्यामुळे येता आलं नव्हतं. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग मामाकडे वळली.

“फ्रेम तुम्ही केलीत ना? झाकलेत ते बरं केलंत, मामा. सात वेळा काढले, तरी पाय मला धड जमलेच नाहीत. तुमच्या लोकांना ते कळलं, तरी कुणी बोलून दाखवलं नाही.”

मामा “हं” म्हणाला.

डबा उघडताना त्याने बायकोला फोन लावून सगळं सांगितलं.

“कसे होते हो पाय?”

“सुजलेले. एक टेकलेला, दुसरा अजून घाबरतोय. चित्रात तेच तर होतं.”

“मग मला काय सांगताय? त्यांना सांगा. आणि जेवण नंतर!”

चित्रकर्ती अजून दारापाशी रिक्षाची वाट पाहत होती. मामा धापा टाकत पोचला. “बाई, पाय उत्तम होते. माउंट माझा चुकला. आळस केला मी.”

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तीस वर्षं वॉर्डात मीसुद्धा पेशंटला ‘आज चेहरा छान दिसतोय’ म्हणत आले, मामा. कळतं मला.”

“अहो, खरंच सांगतोय!”

“पेशंटलाही आम्ही हेच म्हणायचो.” रिक्षा आली. ती गेली.

मामा व्यवस्थापक बाईंकडे गेला. त्यांनी कामाची वही पुढे सरकवली. त्याने लिहिलं: ‘क्र. १४. माउंट चुकीचा. पाय झाकले जात असल्याचं बसवतानाच माहीत होतं.’ शेवटचं वाक्य वाचून बाईंनी वर पाहिलं. “हे लिहायलाच हवं होतं?”

“हो.”

दुपारी परिचारिकेला फोन केला. माउंट निघताना समोर बसा, अशी विनंती केली. “गुडघ्याला विचारते,” ती म्हणाली. कलाशाळेच्या मुलांची मात्र या वर्षाची भेट आटोपली होती. सरांचा नंबर वहीत नव्हता.

उद्या, बुधवारी, सव्वानऊला चौदा नंबरचं चित्र नव्या माउंटसाठी भिंतीवरून उतरेल. दालन नेहमीसारखं दहाला उघडेल.