नालवोगाच्या पगाराची बोलणी

नालवोगाच्या हाताला तोड नाही, हे आमच्या नान्साना गावात कुणालाही विचारा. तिने केलेली साखरेची फुलं लग्नातल्या म्हाताऱ्या नाकाजवळ नेऊन हुंगायच्या. तिचा पाच मजली केक वीस लाख शिलिंगांना जायचा आणि तिला महिन्याला मिळायचे साडेतीन लाख. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. मी तिचा शेजारी, शिंपी माणूस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ही बया शांत.

तिला पहिल्यांदा लागलं ते आमचा मित्र किझिटो याच्या लग्नाच्या सभेत. लग्नाआधी दर रविवारी मित्रमंडळी जमतात आणि सभेचा अध्यक्ष एकेकाला उभं करून सगळ्यांदेखत विचारतो, तू किती देणार. तिच्याबरोबर केक शिकलेली बिरुंगी उठली, "तीन लाख" म्हणाली आणि झगा सावरून बसली. मग नालवोगा उठली आणि हळूच म्हणाली, "तीस हजार."

"तू पण केकवालीच ना गं?" अध्यक्ष म्हणाला. "का तिथे नुसती भांडी घासतेस?"

सगळा मंडप हसला. हसण्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू.

परतताना बिरुंगीने तिला खोदून खोदून विचारलं आणि आकडा ऐकून ती रस्त्यातच थांबली. "मला नऊ मिळतात, नालवोगा. आणि माझ्या गुलाबांना लोक कोबी समजतात."

नालवोगाला तेव्हा रडू आलं. पैशाचं नव्हे, म्हणाली, नऊ वर्षं मी मूर्ख ठरले त्याचं.

दुसऱ्या दिवशी ती मालकिणीकडे गेली. मालकीण जुळ्यांची आई, म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात. वडीलधाऱ्यांशी बोलायचं तर बाईमाणसाने गुडघे टेकायचे, तशी ही टेकून बसली आणि पगाराचं बोलली. नालोंगोने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू तर माझी लेक. लेक कधी आईकडे पगार मागते का?" आणि मटोकेच्या हिरव्या केळ्यांचा एक घड देऊन घरी पाठवलं. महिन्याभरात नालवोगा तीनदा गेली आणि तीन घड घेऊन आली. चौथ्यांदा मीच तिला म्हटलं, आता केळी पुरे.

बिरुंगीने मग नाकासेरो टेकडीवरच्या एका नव्या हॉटेलचं नाव सुचवलं. तिथला व्यवस्थापक कातेंडे, आमच्यातलाच, पिकल्या केसांचा गोडबोल्या. त्याने नालवोगाने नेलेला केक चाखला, डोळे मिटले आणि विचारलं, "किती पगार हवा, बाळ?"

आणि ही गुडघ्यावर बसून काय म्हणाली असेल? "तुम्हाला योग्य वाटेल तो, साहेब."

त्याला साडेचार लाख योग्य वाटले. शनिवारपर्यंत विचार करून कळव म्हणाला.

आमच्यात स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगणं म्हणजे निर्लज्जपणा. मागणी घालायला जातो तेव्हा नवरदेवसुद्धा मुका बसतो, बोलायला भाड्याचा बोलका नेतात. "मग मीही बोलका नेते," नालवोगा म्हणाली. मी आधी हसलो, पण तिचा चेहरा पाहून पायात चपला सरकवल्या. असे आम्ही सेबुन्याकाकांकडे गेलो. तीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं जुळवली. त्यांनी जिभेवर घेतलेलं काम फसलं असं कुणाच्या ऐकिवात नाही.

शनिवारी काका पांढरा झगा आणि वर काळा कोट घालून निघाले. मागणीला कुणी एकटं जात नाही, म्हणून मीही गेलो. कातेंडेने आम्हाला पाहिलं आणि सगळं ओळखून खुर्चीत मागे रेलला. त्याला मजा वाटत होती.

काका खाकरले. "साहेब, आम्ही साधी माणसं. लांबून आलो. आपलं घर मोठं, आपल्या दारात पाय ठेवायचीही आमची लायकी नाही."

"खरंय," कातेंडे म्हणाला. "पुढे?"

"आपण जे मागाल ते आम्ही कमीच समजू. साडेचार लाख ही आपली कृपा. आणि वर एक बकरी आम्ही आपल्याला..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका तीस वर्षं फक्त मुलाकडून बोलत आले होते. आमच्याकडे तोरा मुलीकडच्यांचा. मुलाकडच्याने वाकायचं, पाया पडायचं आणि देत सुटायचं. पाहुणा म्हणून दारात शिरले आणि काकांची जीभ आपल्या जुन्या वाटेने चालू लागली. आमच्यापैकी कुणाला हे आधी सुचलं नाही, कारण मुलीकडचे कधी कुणाच्या दारी जातच नाहीत.

नालवोगा फरशीवर बसली होती. ती उठली, रिकामी खुर्ची ओढून कातेंडेसमोर बसली.

"काका, थांबा. आज आपण मुलीकडचे आहोत."

ती कातेंडेकडे वळली. "साहेब, गेल्या वर्षी तुमच्या पुतणीच्या लग्नातला केक माझ्या हातचा होता. तुमच्या लोकांनी तो फोटोला दोन तास उभा ठेवला, उन्हात, आणि त्याची एक पाकळी ओघळली नाही. महिन्याला नऊ लाख. रविवारी सुट्टी."

"सहा," कातेंडे म्हणाला.

तिने पिशवी उचलली.

आता काकांना कंठ फुटला. असा कंठ मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "साहेब, आमच्या घरात मुलगी जड झालेली नाही. रिकाम्या हाताने मुलगी मागता, आणि वर घासाघीस करता? इतका वेळ बसवून ठेवलंत, साधं पाणी विचारलं नाहीत. त्याचा दंड वेगळा."

कातेंडे आधी गंभीर झाला, मग पोट धरून हसायला लागला. हसत हसतच त्याने पाणी मागवलं. "सात," तो डोळे पुसत म्हणाला. नालवोगा दाराशी पोचली होती. "आठ." तिने दार उघडलं. मी मनात म्हटलं, घे बाई, आठ काही वाईट नाहीत. बरं झालं मोठ्याने म्हटलं नाही.

"ये, बस," कातेंडे म्हणाला. "नऊ."

ती परत येऊन बसली, त्याच खुर्चीत. त्याने कागद पुढे ओढला, आकडा लिहिला आणि सहीसाठी तिच्याकडे सरकवला. तिने तो सावकाश वाचला आणि परत त्याच्यासमोर ठेवला.

"आकड्यात लिहिलंत, साहेब," ती म्हणाली. "आता अक्षरातही लिहा."