लढाई हुकलेला जनरल

युद्धाला घाबरणारे सेनापती पुष्कळ असतील, पण ज्याला बघून युद्धच पळ काढायचं असा सेनापती मी एकच पाहिला, आणि तोही माझ्या टेबलावर पालथा पडून "मादाम, हळू!" म्हणून कण्हताना. मी सांगलीची, रियाधच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट; आणि हे फ्रेंच लष्करातले जनरल, सौदी अधिकाऱ्यांना शिकवायला आलेले. उजवा गुडघा पार कामातून गेलेला, मिशी मात्र ताठ.

उभी हयात परमुलखात काढली बिचाऱ्यांनी. आफ्रिकेत एका देशात उतरले, तर विमानतळावरच कळलं की तह झाला. दुसऱ्या देशातून बदली होऊन निघाले आणि मागे धुमश्चक्री सुरू. छातीवर पदकं ही एवढी! विचारलं तर एक पुलाचं, एक पुराचं, एक गुरांना लस टोचल्याचं. आमच्या रिसेप्शनवरचे राजापूरचे इकबालभाई तर ते आले की आत वर्दी द्यायचे, "मॅडम, शांतिदूत आलेत!"

न लढलेल्या सगळ्या लढाया ते इतरत्र लढत. सुपरमार्केटात शिरण्याआधी बाहेर उभं राहून टेहळणी. वसाहतीतल्या मांजरांवर फ्लॅटच्या गॅलरीतून दुर्बीण. मी सांगितलेल्या व्यायामाला ते 'मोहीम' म्हणत आणि व्यायाम चुकला की मलाच ऐकवत, "माघार नव्हे मादाम, फेररचना." अशा माणसाला रागवायचं तरी कसं?

आणि मग सीमेवर गडबड सुरू झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं तिकडे निघाली, आणि सल्लागार म्हणून सोबत जायची परवानगी जनरलना मिळाली; अट एकच, वैद्यकीय तपासणीत उकिडवं बसून हात न टेकता उठायचं. नाही जमलं तर थेट फ्रान्स, निवृत्ती, खलास. माणूस पोरासारखा हरखला होता. मीही हट्टाला पेटले आणि तो गुडघा वाकवून दाखवलाच. तपासणीच्या आदल्या दिवशी बजावलं, "आज जमिनीवर बसायचं नाही. अजिबात!"

त्याच संध्याकाळी, सीमेवर निघण्याआधी, पोरांनी त्यांना मेजवानी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरांतलाच फहद नावाचा तरुण कॅप्टन त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. गुडघा टरबुजाएवढा. फहदच्या चेहऱ्यावर तर रक्ताचा थेंब नव्हता. "डॉक्टर, आम्ही काय करणार? सर उठेचनात. ते बसलेले असताना आम्ही हात कसा आखडता घेणार? खात राहिलो. शेवटी तर श्वास घेववेना!"

मी जनरलकडे वळले. "खुर्ची नव्हती का तिथे?"

"होती. पोरं जमिनीवर आणि मी खुर्चीवर?"

"बरं, मग उठायचं तरी लवकर!"

"मादाम, इथे प्रमुख पाहुणा उठला की सगळी पंगत उठते. पोरं सीमेवर चालली होती. जेवतच होती. त्यांना अर्धपोटी उठवू?"

इकबालभाई दारातच हसत सुटले. मलाही हसू आवरेना, आणि एकीकडे डोळे भरून आलेले. तपासणीचं काय झालं ते सांगायलाच नको. खाली बसले ते बसलेच. दोघांनी धरून उठवावं लागलं. पोरं उत्तरेला गेली, जनरल फ्रान्सला.

तिथून दर शुक्रवारी फोन. गुडघ्याची चौकशी मी करायची आणि ते उडवून लावायचे. त्यांचा प्रश्न एकच, "पोरांचं काही कळलं?" मला कुठून कळणार? पण "ठीक असतील हो," म्हणत राहिले.

मध्यंतरी फहद दवाखान्यात आला, रापलेला, खजुरांचा डबा घेऊन. गडबड निवळली होती. मी तिथल्या तिथे जनरलना फोन लावला.

"परत आले," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

 ते हसतच म्हणाले, "म्हणजे हीही हुकली." जन्मभर जिची वाट पाहिली ती शेवटची संधी गेली होती आणि या वेड्या माणसाला आनंद लपवता येत नव्हता.  "एकदा या हो इकडे," मी म्हटलं आणि फोन फहदच्या हातात दिला.