आत्याची खरबी

मोहनने मशीनपाशी येऊन स्वतःच बटण बंद केलं आणि म्हणाला, "तुझी आत्या गेली. चल विजयनगरला." मोहन म्हणजे आत्याच्या नणंदेचा मुलगा आणि बेळगोळच्या कारखान्यात माझा सुपरवायझर. म्हैसूरला आत्याच्या घरी पोचलो तर दारातच त्याची आई, जिला सगळे अक्का म्हणतात, आलेल्यांना सांगत होती, "देवमाणूस! लग्न झाल्यापासून मासळीला शिवली नाही बघा. नेम म्हणजे नेम." तिथंच माझं रडू आटलं. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही...

आत्या आमच्या खाडीकाठची. ओहोटीला चिखलात उतरून खरबी धरण्यात गावात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. बोटाएवढी बुळबुळीत मासळी, तळाच्या गाळाला चिकटून बसणारी. बाजारात तिला कुणी विचारत नाही. आमच्या घरात तिच्यावाचून घास उतरत नाही. काका, म्हणजे आत्याचे यजमान, फिरतीच्या नोकरीत आमच्या गावाकडे आले आणि आत्या लग्न होऊन म्हैसूरला आली. सासर तिथल्या जुन्या पलटणीतल्या मराठ्यांचं, मटणाचा अभिमान बाळगणारं. पहिल्याच आठवड्यात अक्काने तिला देवापुढे बसवून शपथ घ्यायला लावली, चिखलातले किडे या घरात खाणार नाही. हाच तो नेम.

मी आठवीत शाळा सोडून इथं आलो तेव्हा कन्नडचं अक्षर येत नव्हतं. मोहनला सांगून आत्यानेच कामाला लावलं. पहिल्या दिवशी ती दुपारपर्यंत फाटकाबाहेर उभी होती, मी घाबरून पळून जाईन म्हणून. आज जो काही आहे तो तिच्यामुळे. आणि मी मूर्ख, गणपतीहून परतताना आईने वाळवलेल्या खरबीचा डबा सरळ अक्कासमोर आत्याच्या हातात दिला! अक्काने झाकण उघडून वास घेतला. "अय्यो, ही गांडुळं कुठनं आणलीस रे? नारळाला घाल गं, खत होतंय." आत्याच्याच हातांनी ती नारळाच्या बुंध्यात पुरायला लावली.

पुढच्या रविवारी बेळगोळच्या बसने ती माझ्या खोलीवर हजर. "देवळात जाते म्हणून सांगून आलेय. सगळी दिली होतीस की थोडी ठेवलीस, बाळ्या?"

थोडी ठेवली होती. तव्यावर भाजून, आमसूल घालून तिने कालवण केलं आणि इतकी वर्षं उपाशी असल्यासारखी जेवली. मला भीती वाटली. "आत्या, शपथ?"

"शपथ त्या घरापुरती. अक्कांचा शब्द मी नीट ऐकला होता."

"आणि त्यांना कळलं तर?"

"विचारेन, नारळ गोड झालेत का?"

त्यानंतर बहुतेक रविवारी ती यायची... अकरा वर्षं.

तेराव्याला मी पहाटे उठून खरबी शिजवली आणि पातेलं घेऊन गेलो. अक्काने दारातच अडवलं. "सुम्ने उगाच तमाशा नको. नोकरी हवी ना तुला?" आत्याच्या नावाच्या पानात सगळं होतं, एवढंच नव्हतं. मी पातेलं घेऊन परत फिरलो. घाबरलो, खोटं कशाला सांगू! अजूनही घाबरतो. पण पेपरची ही पुरवणी काकांच्या वेळेपासून त्या घरी टपालाने येते आणि अक्का ती अक्षरन् अक्षर वाचते, म्हणून इथंच लिहितोय. तिच्या देवमाणसाने तिच्या नाकासमोरून बस धरून अकरा वर्षं खरबी खाल्ली, काट्याला लागलेलंसुद्धा चोखून खाल्लं. आता सांग म्हणावं आल्यागेल्याला.

गेल्या आठवड्यात मोहन खोलीवर आला होता. "तुझ्या आत्याचा चष्मा सापडेना. अम्माला फोटोपाशी ठेवायचाय. तुझ्याकडे आहे काय की?" मी नाही म्हणालो. माझ्यामागे फळीवरच होता. खरबीचे काटे केसासारखे, म्हणून तो कायम इथंच असायचा. उजव्या काडीवर तिच्या बोटांची हळद आहे, ती मी पुसलेली नाही.

अक्का, चष्मा हवा असेल तर मोहनला पाठवू नका. स्वतः या. रविवारी या, पान वाढलेलं असेल.