कच्चं भरलेली दाढ

दाढेच्या मुळांतली घाण काढून झाल्यावर गिरगावातल्या डॉक्टरांनी वर कच्चं सिमेंट भरलं आणि बजावलं, "आठ दिवसांत पक्कं भरायला या. वरचं तोंड उघडं राहिलं, तर आतलं बरं व्हायचं नाही." दुखणं थांबलं होतं. मी मान हलवली आणि चौथ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात स्वतःला अटक करून घेतली.

दोन-चार दिवसांत सोडतील असं वाटलं होतं. पंधरवडा गेला. तुरुंगातल्या भाकरीत खडा लागला आणि ते सिमेंट निघून हातात आलं. मग गाल सुजला. लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून मी बराकीच्या गजांशी बसून राहायचे. माफी लिहून दिली की सुटका होती. मनातल्या मनात मी तो कागद कितीदा तरी लिहिला.

लालबागच्या गिरणीत काम करणारी एक मावशी माझ्या शेजारी झोपायची. तिने विचारलं, "रडतंस कित्याक गो? घरची याद येता?" मी हो म्हटलं. एका दाढेपायी माफी मागावीशी वाटते, हे तिला कसं सांगणार?

पुढे सगळ्यांनाच सोडलं. डॉक्टरांनी दाढ पुन्हा उघडली, मुळं नव्याने धुतली आणि या वेळी लगेच वर धातूची टोपी बसवली. महिन्याभरात आतलं भरून आलं. वाडीत आमचा हार घालून सत्कार झाला, तेव्हा मी खाली बघत उभी होते. लोकांना तो विनय वाटला.